जपान-अमेरिका सुरक्षा करारावर लिहिताय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या उत्तरवह्या तपासताना आणि परराष्ट्र घडामोडींच्या लेखांवर लाल पेन चालवताना या एका विषयावर मला त्याच त्या चुका भेटतात. बहुतेकींचं मूळ एकच: सगळं काही करारात लिहिलेलं असणार, असं धरून चालायचं. प्रत्यक्षात हा करार १९६० पासून एका शब्दानेही बदललेला नाही. अवघी दहा कलमं आहेत, चहा संपेपर्यंत वाचून होतात. युती बदलत गेली ती कराराबाहेर: मंत्रिमंडळाच्या निर्णयांत, अंदाजपत्रकात आणि संरक्षण सहकार्याच्या १९७८, १९९७ व २०१५ च्या ‘मार्गदर्शक तत्त्वां’त.

१९५१ आणि १९६० ची खिचडी

‘१९५१ च्या करारानुसार अमेरिका जपानच्या रक्षणाला बांधील आहे’ हे वाक्य दिसलं की मी खाली रेघ मारतो. ८ सप्टेंबर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत जपानशी दुसऱ्या महायुद्धानंतरचा शांतता करार झाला आणि त्याच दिवशी, वेगळ्या ठिकाणी, सुरक्षा करारही झाला. या दुसऱ्या कागदावर जपानतर्फे पंतप्रधान शिगेरू योशिदा यांची एकट्याची सही आहे. मिरवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. अमेरिकेला तळ मिळाले, पण जपानच्या रक्षणाची ठाम हमी नाही. उलट, जपान सरकारने विनंती केली तर देशातली मोठी दंगल मोडायलाही अमेरिकी फौज वापरता येईल, अशी तरतूद होती. करार संपवण्याची ठरलेली मुदत नव्हती.

ही सल पुढचे पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी १९ जानेवारी १९६० च्या नव्या कराराने काढली. दंगलीचं कलम गेलं आणि रक्षणाची बांधिलकी आली. तरीही कराराविरोधी आंदोलनाने टोकियोचे रस्ते पेटले. १५ जूनला संसदेपाशी झालेल्या झटापटीत एका विद्यार्थिनीचा जीव गेला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला आणि २३ जूनला करार अमलात येताच किशींनी राजीनामा जाहीर केला. आधीपेक्षा चांगला करार आणणाऱ्याचीच खुर्ची गेली, हे लक्षात ठेवलं तर दोन्ही सनांत पुन्हा गोंधळ होणार नाही.

जाता जाता: ‘दर दहा वर्षांनी नूतनीकरण’ असं काही नसतं. दहा वर्षं झाल्यावर, म्हणजे १९७० पासून, कोणत्याही देशाला नोटीस देता येते आणि ती दिल्यावर वर्षभराने करार संपतो. नोटीस आजवर कुणी दिलेली नाही.

पाचवं कलम म्हणजे नाटो नव्हे

नाटो या लष्करी युतीत एका सदस्यावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानतात. इथे पाचव्या कलमानुसार दोन्ही देशांनी मिळून तोंड द्यायचं ते फक्त ‘जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशा’तल्या हल्ल्याला. ‘जपानच्या मालकीचा’ नव्हे, ‘प्रशासनाखालील’. शंका आली की बेटावर आज कारभार कुणाचा, एवढंच विचारा. सेन्काकू बेटांवर चीनचा दावा असला तरी कारभार जपानचा, म्हणून पाचवं कलम लागू. ओबामांनी एप्रिल २०१४ मध्ये टोकियोत ते उघड सांगितलं. मात्र बेटांच्या अंतिम मालकीबद्दल अमेरिका कुणाचीच बाजू घेत नाही. ‘अमेरिकेने सेन्काकू जपानचे असल्याचे मान्य केले’ हे छापलेलं मी पाहिलंय, ते चूकच. ताकेशिमावर कारभार दक्षिण कोरियाचा, दक्षिण कुरील बेटांवर रशियाचा. जपान दोन्हींवर हक्क सांगतो, पण पाचवं कलम तिथे पोचत नाही. अमेरिकेची गुआम आणि हवाई ही बेटंही त्यात येत नाहीत.

शिवाय प्रतिसाद आपोआप नाही. दोन्ही देशांनी ‘आपापल्या घटनात्मक तरतुदींनुसार’ पावलं उचलायची आहेत.

‘जपान फुकट संरक्षण घेतो’

ट्रम्प यांची ही जुनी तक्रार लेखांत जशीच्या तशी उतरते. पाचवं कलम एकतर्फी आहे हे खरं, पण पुढचं सहावं वाचायला नको का? त्यात जपान तळ देतो, आणि तेही फक्त स्वतःसाठी नाही, अतिपूर्वेच्या शांततेसाठी. सातव्या आरमाराचं ठाणं योकोसुका, हवाई दलाचा मोठा तळ कादेना, ५० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक. तळांच्या खर्चाचा वाटा जपान १९७८ पासून उचलतो. त्याला तिथे ‘ओमोइयारी’ म्हणजे आपुलकीचं अंदाजपत्रक म्हणतात. नाव गोड, बिल मोठं.

खरी किंमत दक्षिणेकडचा बेटांचा प्रांत ओकिनावा मोजतो. देशाच्या जमिनीपैकी ०.६ टक्के तिथे, आणि फक्त अमेरिकेच्या वापरात असलेल्या तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्रही तिथेच. दाट वस्तीतला फुतेन्मा तळ परत करायचं १९९६ मध्ये ठरलं. बदली धावपट्टी हेनोकोच्या समुद्रात भराव घालून, त्याच बेटावर. फेब्रुवारी २०१९ च्या ओकिनावातल्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं या भरावाविरुद्ध पडली. भराव थांबला नाही.

‘नववं कलम बदललं’

हे कलम कराराचं नाही, युद्धाचा त्याग करणारं राज्यघटनेचं. आणि ते नाही बदललं. १९४७ पासून जपानच्या राज्यघटनेत एकही दुरुस्ती झालेली नाही. १ जुलै २०१४ ला पंतप्रधान शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने त्या कलमाचा *अर्थ* बदलला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कायदे केले. मित्रदेशावर हल्ला झाला, त्यातून जपानच्याच अस्तित्वाला धोका निर्माण झाला आणि दुसरा उपाय उरला नाही, तरच किमान बळ वापरता येतं. ७ नोव्हेंबर २०२५ ला पंतप्रधान सनाए ताकाइची यांनी तैवानचा प्रसंग या व्याख्येत बसू शकतो असं संसदेत म्हटलं आणि चीन भडकला. हा वाद याच व्याख्येचा होता. ‘जपानने युद्धाची घोषणा केली’ छापाचे मथळे देऊ नका.

आकडे

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. डिसेंबर २०२२ च्या योजनेत पाच वर्षांच्या संरक्षण खर्चासाठी ४३ ट्रिलियन येन ठरले. मी घाईत ‘४३ हजार कोटी’ लिहून मोकळा झालो. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. म्हणून ४३ लाख कोटी येन, आणि येनच, रुपये नव्हेत. संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्चाचं उद्दिष्टही करारातलं नाही, जशी १९७६ ची एक टक्क्याची मर्यादाही नव्हती. दोन्ही मंत्रिमंडळाचे निर्णय.

‘संयुक्त कमांड’ लिहितानाही जपून. दक्षिण कोरियात दोन्ही सैन्यांची एकत्रित कमांड आहे, जपानमध्ये नाही. मार्च २०२५ मध्ये टोकियोतल्या इचिगायात सुरू झालेली संयुक्त कमांड जपानच्याच तिन्ही दलांची. अमेरिकेची वेगळी, योकोता तळावर.

भारत कुठे बसतो?

‘क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) आघाडीतील मित्रदेश भारत’ असं लिहाल तर गुण जातील. मलबार या नौदल सरावात जपान २०१५ पासून कायमचा भागीदार आहे, पण परस्पर रक्षणाची बांधिलकी कुठेच नाही. उलट १९५१ ला भारत सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेला गेलाच नव्हता. जपानच्या भूमीवर परकी फौज ठेवण्याच्या आणि ओकिनावासारखी बेटं त्याच्यापासून तोडण्याच्या पद्धतीवर दिल्लीचा आक्षेप होता. मग ९ जून १९५२ ला भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि नुकसानभरपाईचा हक्कही सोडून दिला.