रजिस्ट्री क्लीनर चालवला आणि बॅकअप बंद पडला?

विंडोजचा बॅकअप ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ सेवेवर चालतो आणि तिच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, असतात. क्लीनर कधी कधी त्याच ‘निरुपयोगी’ समजून उडवतो. सर्व्हिसेसमध्ये ही सेवा ‘डिसेबल्ड’ दिसली, तर ‘मॅन्युअल’ करा. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ ही कमांड इंग्रजीत (vssadmin list writers) टाइप करा. एखादा रायटर (बॅकअपसाठी आपला डेटा तयार ठेवणारा भाग) ‘फेल्ड’ दिसला, तर आधी रीस्टार्ट. तरीही अडलं, तर क्लीनरनेच ठेवलेली बॅकअप फाइल किंवा जुना रीस्टोर पॉइंट (विंडोजने आधी जपून ठेवलेली सिस्टिमची स्थिती) वापरा. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रजिस्ट्रीची प्रत ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये आपोआप पडत नाही, त्यामुळे तिथे शोधण्यात अर्थ नाही. मुळात शे-दोनशे नोंदी पुसून वेग वाढत नाहीच. क्लीनर काढूनच टाका.