सिगारेट सोडण्यासाठी स्वतःचे कारण कसे शोधावे

सिगारेट किंवा बिडीचे दुष्परिणाम ओढणाऱ्याला ठाऊक नसतात, असे क्वचितच घडते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला इशारा तो रोज पाहतो आणि तरीही पाकीट उघडतो, कारण तो इशारा सर्वांसाठी सारखाच असतो आणि त्यातले संकट अजून लांब आहे असे वाटत राहते. तलफ मात्र आत्ताची असते. म्हणून सोडण्याची तारीख ठरवण्याआधी आजच्या जगण्यातले, अगदी स्वतःचे असे कारण हाती लागले पाहिजे. त्यासाठी एक आठवडा द्यावा.

आधी नुसती नोंद ठेवावी

या आठवड्यात सिगारेट कमी करण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक वेळी किती वाजले होते, कुठे होतो, सोबत कोण होते आणि खरोखर हवी होती का, एवढेच लिहावे. मोबाइलपेक्षा पाकिटाभोवती रबरबँडने बांधलेला कागद अधिक उपयोगी पडतो, कारण तो सोडवल्याशिवाय सिगारेट काढताच येत नाही. आठवडा संपल्यावर या नोंदी वाचल्या की दोन प्रकार वेगळे दिसू लागतात. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतरची पहिली सिगारेट शरीर मागते. टपरीवरच्या चहाबरोबरची किंवा साहेबांशी खटका उडाल्यानंतरची बहुधा सवयीची असते.

सिगारेटपायी काय लपवावे लागते, तेही लिहावे

माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी हीच, आणि नेमकी तीच लोक टाळतात. घराच्या दारात पोहोचण्याआधी तोंडात टाकलेली बडीशेप, धावत येणाऱ्या लेकराला कडेवर घेण्याआधी घाईने बदललेला शर्ट, लग्नाच्या पंगतीतून काहीतरी निमित्त सांगून बाहेर पडणे, स्टेशनचा पूल चढताना दम लागला की मोबाइल पाहण्याच्या बहाण्याने मध्येच थांबणे, असे प्रसंग प्रत्येकाकडे असतात. ते जसेच्या तसे लिहावेत. कोणाला दाखवण्याची गरज नाही. जो प्रसंग लिहिताना हात अडखळतो, त्याच्याजवळच कारण सापडण्याची शक्यता अधिक असते.

कारण एका वाक्यात आणावे

‘तब्येतीसाठी’ हे उत्तर खरे असले तरी ऐन तलफेच्या वेळी ते फारसे कामी येत नाही. ‘तब्येत कशासाठी हवी?’ असे स्वतःला विचारत जावे, म्हणजे ‘मुलीला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढायचे आहे’ असे डोळ्यांसमोर उभे राहणारे वाक्य मिळते. ‘बायको म्हणते म्हणून’ एवढेच कारण असेल, तर पहिल्याच भांडणात ते निकामी होते. तिच्या म्हणण्यातले आपल्याला काय पटले आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. पैसा हेही चांगले कारण आहे. सिगारेट १५ रुपयांची धरली आणि दिवसाला ८ ओढल्या, तर वर्षाला ४३,८०० रुपये होतात. या पैशांतून नेमके काय करायचे, तेही त्याच वाक्यात यावे.

ज्यांना लगेच दिसणाऱ्या फायद्यांनी उभारी येते, त्यांनी हेही लिहून ठेवावे: शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात, साधारण १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड पूर्वपदावर येतो आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्मा होतो.

कारण वापरात आणावे

तारीख ठरली की ते वाक्य खिशात पाकिटाच्या जागी ठेवावे. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांत ओसरतो. तेवढ्या वेळात वाक्य वाचावे, पाणी प्यावे आणि जागा बदलावी. पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे ही निकोटिन तुटल्याची लक्षणे आहेत, मनाच्या दुबळेपणाची नव्हेत, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. कारण कितीही पक्के असले तरी शरीराला मदत लागू शकते आणि ती घेण्यात कमीपणा नाही. निकोटिनच्या च्युइंगमविषयी किंवा अन्य औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर समुपदेशकांशी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक पाकिटावरही छापलेला असतो.

मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली, तर पुन्हा त्याच कागदाकडे वळावे आणि त्या वेळी आपले वाक्य आठवले होते का, ते लिहावे. आठवलेच नसेल, तर कागद अधिक समोर राहील अशा जागी ठेवावा. आठवूनही सिगारेट पेटवली असेल, तर नोंदींमधून दुसरे कारण निवडावे आणि औषधांचा विषय डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात काढावा.