हाफ-टन पिकअपमागे तीस फुटी ट्रेलर लावताय? या चुका टाळा

मे महिना लागला की मला फोन सुरू होतात. "दादा, कॅम्पिंगचा ट्रेलर बुक केलाय, तीस फुटी, पोरांना बंक बेड वगैरे, आपला हाफ-टन ट्रक, म्हणजे फुल-साइझ पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग, ओढेल ना?" मी विचारतो, दारावरच्या स्टिकरवर काय लिहिलंय? तिकडे एकदम शांत. मग, "अरे पण डीलर म्हणाला अकरा हजार पाउंड ओढतो." बरोबर आहे, डीलरला ट्रेलर विकायचाय, घाट त्याला नाही चढायचाय. आणि बुक करायच्या आधी फोन करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

तर पहिली चूक हीच आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. जाहिरातीतला ओढायचा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या कुटुंबासाठी काढलेला नसतो. अमेरिकेत कंपन्या एसएई जे२८०७ नावाच्या पद्धतीने तो काढतात, त्यात ट्रकमधे दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पाउंड, आणि ट्रेलरच्या वजनातलं फक्त १० टक्के हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडतात त्या जागेवर. तुमच्या ट्रकमधे चार माणसं, एक कुत्रा, मागे जनरेटर, कूलर, लाकडं आणि बायकोने "असू दे, लागेल" म्हणून टाकलेल्या सहा पिशव्या. आजकालची टर्बो इंजिनं ओढायला कमी पडत नाहीत हो, कमी पडते ती ट्रकची पाठ, म्हणजे पेलोड, ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो ते. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं. हा आकडा तुमच्याच ट्रकचा, शेजाऱ्याकडे तेच मॉडेल असलं तरी त्याचा वेगळा असू शकतो. सनरूफ, लेदर, मोठी चाकं, एकेक वस्तू वाढली की तितकं पेलोड गेलं. महाग ट्रक जास्त उचलतो असं वाटणाऱ्यांना हे सांगून सांगून थकलो.

माझंच गणित सांगतो. स्टिकर १,५४० पाउंड. ट्रेलरच्या कागदावर कोरडं वजन ६,२००, पण कोरडं म्हणजे कपडे, भांडी, पाणी काही नाही, आणि बऱ्याचदा बॅटरी आणि गॅसही धरलेला नसतो, अशा अवस्थेत कोण ट्रिपला जातं? भरून तो ७,६०० झाला. त्याचे १३ टक्के टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर पडणारा भार, साधारण ९९०. आम्ही चौघं ४८०, ट्रकच्या मागच्या हौद्यातलं सामान २५०, हिचचं धूड ९०. झाले १,८१०. म्हणजे २७० पाउंड जास्त आणि ओढायची मर्यादा मात्र अजून तीन हजार पाउंड लांब!

आता इथे मी जे केलं ते कृपया करू नका. मी म्हटलं, टंग वेट जास्त आहे ना, मग कमी करू, सोपंय. ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातली टूलबॉक्स आणि डबे मिळून दीडशे पाउंड उचलून मागच्या बेडरूमखाली नेले, सायकली मागच्या बंपरवर लटकवल्या, आणि पाण्याची टाकी चाकांच्या मागे होती ती फुल भरली, ४० गॅलन, गॅलनला ८.३४ पाउंड म्हणजे तीनशेच्या वर. ट्रकचं नाक खाली आलं, मागची बाजू वर आली, दिसायला एकदम झकास. मी स्वतःवर खूष.

वायोमिंगमधे आय-८० हायवेवर लॅरमीवरून रॉलिन्सकडे निघालो. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना माहितीये एल्क माउंटनच्या आसपास वारा कसा असतो, हलक्या आणि उंच गाड्यांना तिथे रस्ता बंद करतात ते उगाच नाही. त्या दिवशी बंद नव्हता. मी ताशी ६८ मैलांनी चाललो होतो, उतार होता, शेजारून एक मोठा सेमी, म्हणजे मालवाहू ट्रक, गेला, आधी त्याने ढकललं मग ओढलं आणि आरशात ट्रेलर हळूच डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे, आणि आता ट्रकचं मागचं टोकही त्याच्याबरोबर. बायको ओरडली, "अरे काय होतंय?" आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे निघाला होता. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवलं म्हणून वाचलो: ट्रकचा ब्रेक नाही, स्टिअरिंगने उलट मारामारी नाही, ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर आणि ब्रेक कंट्रोलरवरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ट्रकमधला डबा) हाताचा खटका दाब, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. तीन-चार हेलकावे आणखी आले असतील, मला तो अर्धा तास वाटला. शोल्डरला थांबलो तर हात थरथरत होते आणि पोरगा मागून विचारतोय, परत करायचं का.

घरी येऊन टंग वेटचा काटा आणला. ट्रेलर आठ हजाराच्या वर आणि टंगवर जेमतेम ६५०, म्हणजे ८ टक्के. दहाच्या खाली गेलात की ट्रेलर शेपूट हलवणारच, दहा ते पंधराच्या मधे ठेवायचं असतं, मी तेरा धरतो. टंग वेट जास्त झालं तर सामान कमी करायचं नाहीतर छोटा ट्रेलर घ्यायचा. आम्ही शेवटी ट्रेलर बदलला, चोवीस फुटी, घरात आठवडाभर अबोला.

आता माझी सवय अशी की ट्रेलर बघायला गेलो की कोरडं वजन वाचतच नाही, त्याच्या भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा वाचतो, तिचे तेरा टक्के काढतो आणि स्टिकरमधून वजा करतो. उरलेल्यात आम्ही आणि सामान बसलं तर ठीक, नाहीतर चहा पिऊन घरी. आणि पहिल्या ट्रिपला ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, जातो, तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे वेगवेगळे आकडे मिळतात, काही मिनिटांचं काम आहे पण लोकांना त्याचाही कंटाळा.

काही जण म्हणतात, "वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावलाय, आता काही टेन्शन नाही." टेन्शन आहे. तो मागचा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतो, लावायलाच हवा, पण त्याने स्टिकरवरचा आकडा बदलत नाही. मागच्या सस्पेन्शनमधे बसवायच्या हवेच्या पिशव्यांचं, म्हणजे एअरबॅग्जचं, तर बोलूच नका, मागची बाजू वर दिसते एवढंच, पुढच्या चाकांवरून उडालेलं वजन तिथे परत येत नाही आणि स्टिअरिंग हलकंच राहतं. ट्रक सपाट दिसतोय म्हणून खूष होणाऱ्यांत मीही होतो, वर वाचलंतच.

ब्रेक कंट्रोलर डब्यातून काढला तसा लावून निघू नका. रिकाम्या सपाट जागेत २०-२५ च्या स्पीडला हाताचा खटका दाबून बघा, ट्रेलरची चाकं लॉक व्हायच्या जरा खाली सेटिंग ठेवा. भरलेला आणि रिकामा, दोन्हीला वेगळं लागतं.

टायर. ट्रेलरसाठीचे खास, म्हणजे एसटी, टायर बरेचसे ताशी ६५ मैलांच्या स्पीडसाठीच असतात, बाजूवर वाचा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर लावला की मर्यादाच ५५. टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा नसतो. हवा सकाळी थंड असताना बघायची.

चाकांचे नट पहिल्या ५० मैलांनंतर परत टॉर्क करा. सेफ्टी चेन कपलरखाली, म्हणजे ट्रेलर हिचला अडकतो त्या भागाखाली, क्रॉस करून लावा.

उतारावर टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर खालचा ठेवणारं सेटिंग. कोलोराडोत आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे, तिथून सिल्वरथॉर्नकडे ७ टक्क्यांचा उतार, आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचा वास आपल्या गाडीत येतो. आधीच खालच्या गिअरमधे जा, गाडी ५० ला आली की ठामपणे ब्रेक मारून ४० वर आणा, आणि पाय पूर्ण काढा. मागे रांग लागली तर लागू दे.

रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर. मागे उभी राहून खुणा करणारी बायको आरशात दिसत नसेल तर थांबा.

आणि कॅम्पसाइटवर पोचल्यावर कपलर सोडायच्या आधी चाकांना चॉक, म्हणजे अडकवायचे ठोकळे, दोन्ही बाजूंना. शेजारच्या साइटवरच्या एका साहेबांनी आधी कपलर सोडला, मग चॉक शोधायला गेले. ट्रेलर पिकनिक टेबलावर जाऊन थांबला, टेबल सिमेंटचं होतं म्हणून.