एडीडी असताना कामं मार्गी कशी लावावीत

दोन ओळींच्या एका ईमेलला उत्तर द्यायचं आहे. काम तीन मिनिटांचं, पण ते अकरा दिवस पडून आहे. या अकरा दिवसांत मी ते साफ विसरले असते तर निदान डोक्याला शांतता मिळाली असती. पण रोज दोन-तीनदा आठवतं: अंघोळ करताना, रस्त्यात, झोप लागता लागता. संगणकासमोर बसलं की मात्र आठवत नाही. आठवलंच, तर त्याआधी दुसरं काहीतरी ‘पटकन’ उरकायला घेतलेलं असतं.

ज्यांना एडीडी (अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर, म्हणजे ‘अवधानाचा अभाव’) आहे ते हे वाचून हसतील. बाकीचे म्हणतील, अहो, मग द्या की उत्तर! मराठीत या अवस्थेसाठी नेमके चार शब्द आहेत: कळतं पण वळत नाही. पुढचं सगळं त्या वळण्यासाठी आहे. महत्त्व ओळखा, प्राधान्यक्रम लावा, मन एकाग्र करा, हे सल्ले कळण्याच्या खात्यातले आहेत आणि ते आपल्याला शाळेपासून तोंडपाठ आहेत.

आधी खात्री करून घ्या

नावाचा थोडा घोळ आहे, तो एकदा निस्तरू. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत १९८० साली ‘एडीडी’ हे नाव आलं. १९८७ मध्ये ते बदलून ‘एडीएचडी’ झालं आणि आजही अधिकृत नाव तेच आहे. पण त्यातला ‘एच’ म्हणजे अतिचंचलता, आणि ती सगळ्यांत दिसत नाही. वर्गात धुडगूस घालणारं मूल शिक्षकांच्या लगेच नजरेत येतं. खिडकीबाहेर बघत बसलेली गप्प मुलगी ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ एवढ्या शेऱ्यावर वरच्या वर्गात जाते. मी त्या दुसऱ्या गटातली. निदान व्हायला ३४ वर्षं लागली. अशी माणसं स्वतःबद्दल बोलताना अजूनही एडीडी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात आणि घर, शाळा, कामाची जागा यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. प्रौढांमध्ये लक्ष न टिकण्याची ९ पैकी किमान ५ लक्षणं पाहिली जातात. गेल्या दोन वर्षांतच लक्ष उडायला लागलं असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. अपुरी झोप, नैराश्य, चिंता, थायरॉइडची तक्रार यांतही माणूस असाच हरवल्यासारखा होतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी १८ प्रश्नांची प्रश्नावली आहे, त्यातले पहिले ६ प्रश्न प्राथमिक चाळणीचे. ती घरी भरून बघायला हरकत नाही, पण निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्या. रक्त तपासून किंवा मेंदूचं स्कॅन काढून हे ठरत नाही. तासभर नीट बोलावं लागतं, आणि लहानपणीची प्रगतिपुस्तकं सापडली तर ती बरोबर न्यावीत.

‘अवधानाचा अभाव’ हे नावच मुळात फसवं आहे. आवडीच्या कामात हाच माणूस पाच तास जागचा हलत नाही. लक्ष भरपूर असतं, त्याचा लगाम हातात नसतो. मेंदूच्या पुढच्या भागातली, काम सुरू करणं, धरून ठेवणं आणि थांबवणं पाहणारी यंत्रणा डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रसायनांवर चालते, आणि इथे तिचं काम थोडं वेगळं चालतं. त्यामुळे गाडी महत्त्वावर सुरू होत नाही. आवड, नवेपणा किंवा मानेवर आलेली मुदत, यांपैकी काहीतरी लागतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून यातला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात धरला जातो. तेव्हा घरात कुणी ‘अगदी बापावर गेलीये’ म्हणत असेल तर ते शास्त्राला धरून आहे.

पायरी १: डोक्यातलं बाहेर काढा, आणि वाटेत ठेवा

दृष्टीआड सृष्टी ही म्हण आपल्या बाबतीत शब्दशः खरी आहे. कपाटात गेलेली वस्तू आपल्यापुरती जगातून जाते. मग डोक्याशी झगडण्यापेक्षा वस्तू डोळ्यांपुढे आणलेली बरी. झाकणाचे डबे काढून टाका, पारदर्शक घ्या. किल्ल्यांना दाराशेजारी एकच खिळा. उद्या न्यायची फाइल आज रात्री बुटांवर ठेवा, म्हणजे ती उचलल्याशिवाय बूट घालताच येणार नाहीत. लोक हसतात, हसू द्या.

आठवण जिथे काम होणार तिथे असावी. ‘औषध घे’ ही चिठ्ठी फोनमध्ये असून उपयोग नाही, ती टूथब्रशच्या पेल्याला हवी.

कामांची नोंद एकाच ठिकाणी करा. वही घ्या किंवा एखादं अ‍ॅप, पण एकच. इथे आपला खरा शत्रू म्हणजे आरंभशूरपणा. नवं अ‍ॅप उतरवायचं, चार रंगांचे गट पाडायचे, त्यात रविवार घालवायचा, आणि बुधवारी ते कुठल्या स्क्रीनवर आहे हेही आठवत नाही. मी असली नऊ अ‍ॅप्स जमवली होती. शेवटी टिकली ती टेबलावर कायम उघडी पडलेली साधी वही. मिटलेली वही हीसुद्धा दृष्टीआडच.

पायरी २: वेळ दिसेल अशी करा

आपल्या घड्याळात दोनच वेळा असतात: ‘आत्ता’ आणि ‘अजून आहे’. शुक्रवारची मुदत गुरुवारी रात्रीपर्यंत ‘अजून आहे’ या कप्प्यात असते, मग एकदम ‘आत्ता’त येऊन आदळते.

आठवडाभर एक प्रयोग करा. रोजच्या पाच-सहा कामांना किती वेळ लागेल याचा अंदाज आधी लिहा, मग घड्याळ लावून खरा वेळ लिहा. ‘आवरायला १५ मिनिटं’ असं मी आयुष्यभर म्हणत आले. मोजल्यावर ३८ निघाली. वेळ कमी धरण्याची खोड एकट्या एडीडीवाल्यांची नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या नियोजनातल्या चुकीला नाव दिलं होतं. आपल्यात ती जास्त महागात पडते, इतकंच. स्वतःचा गुणक एकदा कळला (माझा अडीच आहे) की अंदाजाला त्याने गुणायचं आणि वाद घालायचा नाही.

काट्यांचं घड्याळ समोर लावा. आकड्यांच्या घड्याळात किती वेळ उरला ते नजरेला दिसत नाही. आणि भेट ११ वाजता असेल तर कॅलेंडरमध्ये ११ लिहू नका. ‘१०:१० चपला घाल’ असं लिहा.

पायरी ३: सुरुवात इतकी लहान करा की नाही म्हणायला लाज वाटेल

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

‘अहवाल पूर्ण करणे’ हे काम नाही, तो डोंगर आहे. डोंगराकडे बघून मन दुसरीकडे पळतं आणि मग माणूस ड्रॉवर आवरायला बसतो. यादीत फक्त हाताने करता येईल अशी क्रिया लिहा: फाइल उघड. वर तारीख टाक. मागच्या महिन्याचा तक्ता चिकटव. ओळ वाचल्यावर पहिली हालचाल कोणती ते चटकन दिसलं नाही, तर ती ओळ अजून फोडायची आहे.

दुसरं म्हणजे ‘केव्हा’ आधीच बांधून टाका. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ‘जेव्हा–तेव्हा’ योजनेची कल्पना साधी आहे. ‘मी आज फोन करीन’ असं म्हणण्याऐवजी ‘जेवून ताट ठेवलं की उभ्या उभ्या फोन करीन’ असं ठरवायचं. मग निर्णयाचा क्षणच उरत नाही, ताट ठेवलं की हात फोनकडे जातो. दर वेळी जात नाही, पण नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा जातो.

तिसरी गोष्ट सोबत. दुसरं माणूस खोलीत त्याचं काम करत बसलेलं असलं की आपलं काम आश्चर्यकारकरीत्या पुढे सरकतं. त्याने मदत करायची नाही, विचारपूस करायची नाही, नुसतं असायचं. अंधारात जायला लहानपणी सोबत लागायची, तशीच ही. मित्राला व्हिडिओ कॉल लावा, दोघांनी आवाज बंद ठेवा, आपापलं काम करा. वाचनालयात बसूनही हे साधतं. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. आता कर भरण्याच्या कागदपत्रांसाठी मी हक्काने माणूस बोलावते.

आणि टायमर. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून बसवलेली पोमोदोरो पद्धत बहुतेकांना ठाऊक असते: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. माझ्या मते ती आपल्याला जशीच्या तशी मानवत नाही. कंटाळवाण्या कामाला २५ मिनिटं फार होतात; तिथे १० लावा, अगदीच जिवावर आलं असेल तर ५. उलट काम रंगात आलेलं असताना २५ मिनिटांनी घंटा वाजली की बसलेली घडी मोडते, आणि ५ मिनिटांच्या सुट्टीतून माणूस तासाभराने परततो. टायमर सुरू व्हायला वापरा, थांबायला नको. थांबताना मात्र पुढची कृती एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर उद्या पुन्हा डोंगर.

पायरी ४: भरकटण्याची सोय करून ठेवा

काम करताना मधेच ‘विजेचं बिल भरलं का?’ असं आठवणारच. त्यासाठी उजव्या हाताला एक कागद ठेवा, वर ‘नंतर’ असं लिहा. आलेला विचार त्यावर टाकायचा आणि परत फिरायचं. बिल बघायला उठलात की गेलात. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की अर्धवट सोडलेल्या कामात मन काही काळ अडकून राहतं, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात दाखवलं होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा ठेवणं पुरत नाही. पाय हलवत, उभं राहून किंवा गाणी लावून काम होत असेल तर तसंच करा. ताठ बसून शांततेत काम करण्याचा नियम आपल्यासाठी बनवलेला नाही.

पायरी ५: मुदत माणसाच्या हाती द्या

स्वतःला दिलेली खोटी मुदत चालत नाही, कारण ती खोटी आहे हे आपल्याला माहीत असतं. दुसरं कुणी वाट बघत असलं की ती खरी होते. सहकाऱ्याला सांगा, ‘चार वाजता तुला कच्चा मसुदा दाखवते, कितीही वाईट असला तरी.’ शेवटचा भाग महत्त्वाचा, नाहीतर मसुदा नीट करण्याच्या नादात चारचे सहा होतात.

कामाच्या जागी निदान सांगावं का? ते माणसांवर अवलंबून आहे आणि मी कुणाला आग्रह करत नाही. पण निदानाचं नाव न घेताही मागता येण्यासारखं पुष्कळ असतं. ‘तोंडी सांगितलेलं माझ्याकडून निसटतं, दोन ओळी लिहून पाठवाल का?’ यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बैठक संपताना ‘म्हणजे मी सोमवारपर्यंत आकडे द्यायचे, बरोबर?’ एवढं विचारून घेतलं की निम्मे गैरसमज टळतात.

पायरी ६: शरीर आणि गोळी

झोप उशिरा येणं एडीडीत बरंच आढळतं, आणि अपुऱ्या झोपेने लक्षणं वाढतात. कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा दुपारनंतरचा कप रात्री झोपेच्या आड येतो. अवघड कामाआधी भरभर चालून या, त्याचा फरक त्याच दिवशी जाणवतो. आवडीच्या कामात बुडणार असाल तर आधी पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि उठवण्याचं काम एखाद्या माणसाला सांगा. गजर आपण न ऐकताच बंद करतो.

औषधांबद्दल उगाच भीती असते, आणि उगाच आशाही. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये तयार झालं आणि १९५० च्या दशकापासून वापरात आहे. त्याचा परिणाम घेतल्यावर तासाभरात सुरू होतो आणि काही तासांनी ओसरतो. अ‍ॅटोमोक्सेटिन वेगळ्या जातीचं, त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. भूक, झोप, रक्तदाब, नाडी यांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात. दुसऱ्याच्या नावाची गोळी घेऊ नये. गोळीने लगाम हातात येतो, पण घोडा कुठे न्यायचा हे ती सांगत नाही. पहिल्या आठवड्यात गोळी घेऊन मी एकाग्र चित्ताने चार तास जुने फोटो लावत बसले होते. गोळी घ्यायच्या आधी दिवसाची पहिली ओळ वहीत लिहिलेली हवी.

पायरी ७: मोडल्यावर काय करायचं ते आजच ठरवा

हे सगळं दोन-तीन आठवडे छान चालेल. मग नवेपणा ओसरेल आणि एक दिवस वही कागदांच्या ढिगाखाली जाईल. असं होणारच, असं धरूनच चाला. पुस्तकातले उपाय बहुतेक वेळा इथेच फसतात, कारण ते रोज न चुकता करायचे असतात.

वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने तीन ओळी लिहून ठेवा: नवं पान उघड. आजची तारीख टाक. एकच काम लिही. बास. मधले नऊ दिवस भरून काढायचे नाहीत, जुनी यादी उतरवायची नाही, स्वतःला फैलावर घ्यायचं नाही. जुन्या पानांवर राहून गेलेल्या कामांपैकी जी खरंच निकडीची होती, त्यांची माणसं पुन्हा फोन करतातच.

त्या ईमेलवाल्याने बाराव्या दिवशी केला. मी फोनवर बोलता बोलताच उत्तर टाइप केलं. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.