सर्व्हर डाऊन असताना लिहायचं कसं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात उपनिबंधक कार्यालयाबाहेर माझं टेबल आहे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, काय हवं ते लिहून देतो. लोक बाँड रायटर म्हणतात. दस्त कन्नडात, गिऱ्हाईक बहुतेक मराठी, आणि रात्री घरी आल्यावर मी मराठीत कथा लिहितो. 'तुम्हाला सुचतं कधी हो?' असं विचारणारे भेटतात. त्यांना खरं सांगतो, सुचत नाही. टेबलासमोर दोघं भाऊ आणि तीन साक्षीदार उभे असताना 'आज मूड नाही' असं म्हणून बघा. शेजारच्या टेबलावर जातील.

कथेसमोर कुणी उभं नसतं, घोळ तिथं आहे. म्हणून पहिलं काम हे करा, एक गिऱ्हाईक ठेवा. माझं गिऱ्हाईक म्हणजे नंदगडची आत्ती. ऐंशी ओलांडली आहे, अक्षरओळख नाही. रविवारी गेलो की चहा ठेवायच्या आधी विचारते, "काय गा, त्या बाईचं पुढं काय झालं?" झालं नसेल तर चहा मिळतो, पण साखर कमी. गिऱ्हाईक निवडताना लिहिणारा मित्र निवडू नका. तो चुका काढतो. आत्तीला चुकांशी देणं-घेणं नाही, तिला पुढचं हवं असतं.

दुसरा उपाय माझ्या धंद्यातला आहे. जमिनीच्या दस्तात सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे लिहून भागत नाही. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला ओढा की रस्ता, दक्षिणेला काय, उत्तरेला काय, हे लिहावं लागतं. कन्नडात याला चक्कुबंदी म्हणतात, आपण चतुःसीमा म्हणतो. कथा अडली की मी तिची चक्कुबंदी काढतो.

एक उदाहरण देतो, गाव आणि माणसं बदलून. दोन भाऊ वाटणीला आले. जमीन एक एकर बारा गुंठे, म्हणजे प्रत्येकी सव्वीस. गणित सरळ. पण मधल्या बांधावर फणसाचं जुनं झाड. धाकटा म्हणाला, "झाड दादाकडं जाऊ दे, पण एक वर्षाआड फणस मला." थोरला जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आणि ज्या वर्षी लागलंच नाही, ते वर्ष कुणाचं धरायचं?" साक्षीदार हसले. ते दोघं हसले नाहीत. दस्तात एवढंच आलं की झाड थोरल्याच्या हिश्शात. थोरल्याचा तो प्रश्न मी झेरॉक्सच्या पावतीमागे लिहून खिशात टाकला.

रात्री बसलो तर कथेचा पत्ता नाही. मग कागदावर चार बाजू मांडल्या. पूर्वेला धाकट्याची बायको, जी दर वर्षी कोवळ्या फणसाची भाजी माहेरी पाठवते. पश्चिमेला बाप, ज्यानं ते झाड लावलं आणि कुणाच्या नावावर ते सांगितलंच नाही. दक्षिणेला पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या, त्याला झाडापेक्षा लाकडाचा भाव ठाऊक. उत्तरेला काय, ते सापडलं नाही. तुमचंही असंच होईल, एखादी बाजू रिकामी राहील. जबरदस्तीनं भरू नका. दुसऱ्या दिवशी त्या बाजूची चौकशी करायची. मी एका बागायतदाराला विचारलं, फणस एखाद्या वर्षी लागत नाही ते का. तो अर्धा तास बोलला. त्यातला बराचसा भाग त्याच्या मेव्हण्याबद्दल होता, पण तोही उपयोगी पडेल.

एक पथ्य मात्र पाळा. दस्तातला मजकूर गिऱ्हाइकाचा, तो घ्यायचा नाही. बोलणं घ्या, नाव-गाव सोडा.

वेळेचं काय, हा प्रश्न राहतो. आमच्याकडे दस्तनोंदणीचा सर्व्हर डाऊन होतो. पूर्वी मी त्या वेळेत तंबाखू मळत शिव्या देत बसायचो. आता रद्द झालेल्या मसुद्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितो. नवी कोरी वही घेऊ नका, तिच्यात शुद्धलेखन काढावंसं वाटतं आणि हात आखडतो. टोकन पुकारलं की वाक्य असेल तिथं सोडून उठायचं, अगदी क्रियापदाच्या अलीकडे. दिवसभर ते अर्धं वाक्य खुपत राहतं आणि रात्री बसल्या बसल्या हात चालतो. वाक्य पुरं करून उठलो की दुसऱ्या दिवशी बोंब.

मलाही चार वर्षं काही लिहिता आलं नव्हतं. एका दिवाळी अंकाकडून कथा परत आली, तांबड्या शाईनं भरून. माझं पात्र म्हणालं होतं, "मी सगळं काम केलो." तिथं 'केले' करून बाजूला 'भाषा अशुद्ध' असा शेरा. आमच्या तालुक्यात घरात 'मी काम केले' म्हणणारा गडी मला कुणी दाखवावा! तरी तेव्हा खचलो. पेन धरलं की तो शेरा दिसायचा.

सुटलो ते गावच्या संमेलनामुळे. सुगी आटोपली की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कवी, कथाकथन. सीमाप्रश्न तिथं असतोच. १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरलं, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ती सवय इथल्या संमेलनांना आहे. मला कथाकथन मिळालं ते जेवणानंतर. समोर पोटभर जेवलेली माणसं, अर्धी पेंगलेली. "केलो" आलं तशी मागच्या रांगेतली एक म्हातारी हसली आणि शेजारणीला कोपरानं उठवलं. त्या रात्री चार पानं झाली. तेव्हा अशा एखाद्या कार्यक्रमात आधी नाव देऊन ठेवा, कथा नंतर लिहा. पत्रिका छापून आली की माघार घेता येत नाही.

आणि खरंच काहीच होत नसेल, तर महिनाभर नुसतं वाचा. मी बेळगावला सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो. १८४८ पासूनची जागा आहे, तिथं आपल्या न लिहिण्याची कुणी दखल घेत नाही.

परवा आत्तीला फणसाची गोष्ट जेवढी झाली तेवढी वाचून दाखवली. ती सुपारी कातरत होती. कातरायची थांबली आणि म्हणाली, "ज्या वर्षी लागलं नाही, त्या वर्षी दोघं एकमेकांशी बोलत होते काय गा?"

उत्तरेची बाजू अजून रिकामीच होती. मी म्हटलो, "रविवारी सांगतो."