शॉटलिस्ट नसलेली लग्नं : वेडिंग फोटोग्राफीत नवीन येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

आषाढीच्या सुमारास मुहूर्त संपले की मग तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या धंद्यात जरा निवांतपणा असतो आणि नेमकं तेव्हाच पोरापोरींचे मेसेज यायला लागतात, ताई मला पण वेडिंग फोटोग्राफीत यायचंय, कुठला कॅमेरा घेऊ. तर कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकते. दोन कार्ड स्लॉट असलेली कुठलीही बरी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, घ्या आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो सेव्ह होतील असं सेटिंग करा, कारण कार्ड उडालं तर लग्न काय परत लावता येत नाही. लेन्स एक ३५ आणि एक ८५ एमएम, नाहीतर एकच २४-७०, एक धड फ्लॅश, दुसरी बॉडी भाड्याने. हॉलच्या स्वस्त एलईडीमुळे फोटोत पट्ट्या येतात, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून शटर १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवलं की बऱ्यापैकी जातात, स्टेजमागे मोठी एलईडी वॉल असेल तर तिचं गणित वेगळं, तिथे पाहुणे यायच्या आत जाऊन टेस्ट शॉट मारून बघायचा. झालं. बाकीचं यूट्यूबवर आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे आहेत.

यूट्यूबवर जे नाही ते म्हणजे लग्न. नवीन पोरं लेन्सचं पाठ करून येतात आणि विधी माहीत नसतात. कानपिळीचंच घ्या, लाजाहोमाच्या वेळी, म्हणजे होमात लाह्या टाकताना, नवरीचा भाऊ येऊन नवऱ्याचा कान पिळतो, सगळा प्रकार पाच-सात सेकंदांत आटपतो, आणि तेवढ्यात आमचा असिस्टंट बॅटरी बदलायला गेलेला असतो. किंवा झाल. रात्र झालेली असते, सगळे दमलेले, निम्मे पाहुणे पांगलेले, आणि आतल्या खोलीत दिवे लावलेली टोपली मुलाकडच्यांच्या डोक्यावर धरून मुलगी सोपवायचा कार्यक्रम चालू असतो. लाइट जवळपास फक्त त्या दिव्यांचाच. माझ्या मते अख्ख्या लग्नातला सगळ्यात भारी फोटो तिथे असतो आणि त्या वेळी फोटोग्राफर बाहेर ट्रायपॉड गुंडाळत असतो.

अंतरपाटाचं जरा नीट सांगते कारण तिथे सगळ्यांचीच दांडी उडते. मंगलाष्टकं चालू असतात, कुणीतरी मावशी हौसेने स्वतः लिहिलेलं घेऊन माइकवर येते आणि हातातला कागद थरथरत असतो, प्रत्येक कडव्याला सावधान झालं की अक्षता पडतात. हे सगळं दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि माणूस सैलावतो. मग गुरुजी 'तदेव लग्नं' म्हणायला लागतात आणि तिथून पुढे वाजंत्री, टाळ्या, अंतरपाट बाजूला, हार, सगळं एका दमात. समोर उभं राहिलात तर पाहुण्यांचे मोबाइल आडवे येतात, गुरुजींच्या बाजूला राहिलात तर त्यांचा हात. मी आधीच गुरुजींना विचारून ठेवते की अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, आणि बरोब्बर उलट्या बाजूला, अंतरपाटाच्या कडेला चिकटून उभी राहते. तिथून नवरा-नवरी दोघं साइडने दिसतात, नवरीमागे मामा, आणि कऱ्हा-दिवा घेतलेली करवली, जी बिचारी दिवा विझू नये म्हणून श्वास धरून असते. गुरुजींशी ओळख करून घ्या, चहा पाजा. आजपर्यंत एकाही गुरुजींनी मला नाही म्हटलेलं नाही.

आता ही सगळी शॉटलिस्ट, म्हणजे कुठले फोटो काढायचे त्याची यादी, पाठ झाली, दोन-तीन सीझन झाले की वाटतं आपल्याला जमलं. आणि मग एखादं असं लग्न येतं की त्यात अंतरपाट नाही, गुरुजी नाहीत, कधीकधी मांडवच नाही. खरं सांगायचं तर मी धंदा शिकले तो या लग्नांत.

सगळ्यात साधं म्हणजे रजिस्टर. स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ चा, त्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, मग तीस दिवस थांबायचं आणि मग तीन साक्षीदार घेऊन रजिस्ट्रार साहेबांच्या ऑफिसात सही करायला जायचं. लोकेशन काय तर लोखंडी कपाट, फायलींचे गठ्ठे, ट्यूबलाइट, आणि बाहेर बाकड्यावर नंबर लावून बसलेली बाकीची जोडपी. पहिल्यांदा गेले तेव्हा मनात म्हटलं इथे काय फोटो काढायचा. पण बघत राहिलं की दिसतं हो. एक साक्षीदार मित्र आधार कार्ड सापडेना म्हणून सॅक उपडी करतोय, नवरीने सहीसाठी खास पेन आणलंय आणि ते ऐनवेळी उमटत नाहीये, मुलाची आई आत यायला तयार नाही पण रिक्षातून उतरून गेटपर्यंत आलीये आणि तिथेच उभी आहे. साहेबांची परवानगी आधी घ्यायची, फ्लॅश मारायचा नाही, कामात लुडबुड करायची नाही, आणि हार घालायचे तर बाहेर आवारात.

आणि हे नीट ऐका. रजिस्टर करणाऱ्यांत आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडपी बरीच असतात आणि सगळ्यांच्या घरी माहीत असतंच असं नाही. संध्याकाळी उत्साहाने स्टेटसला फोटो टाकलात तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं, मी उगाच घाबरवत नाहीये. कुठलाच फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही, लोकेशन टॅग नाही, रील नाही, असिस्टंटला पण बजावून ठेवायचं. पोर्टफोलिओला फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

सत्यशोधक लग्नं आता पुणे, सातारा, कोल्हापूर, नगर सगळीकडे बघायला मिळतात. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लावायची सुरुवात झाली. फुल्यांची मंगलाष्टकं आहेत त्यात नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात, ती आपले हक्क मागते, तो शब्द देतो. फोटोग्राफरसाठी हे म्हणजे सगळंच उलटं, कारण नेहमीच्या लग्नात ते दोघं गप्प उभे असतात आणि इथे मेन कार्यक्रमच त्यांचं बोलणं. प्रॉब्लेम एकच, तोंडापुढे धरलेला तो काळा माइक. अर्धा चेहरा त्यातच जातो. आदल्या दिवशी साउंडवाल्याशी बोलून कॉलर माइक लावायला सांगा, नाहीतर स्टँड छातीच्या खाली ठेवा. भाषणं होतात, लांबतात, त्या वेळात स्टेज सोडून खाली बसलेल्या आज्यांकडे वळायचं. नात माइकवर हक्काचं बोलते तेव्हा आजीचा चेहरा बघण्यासारखा असतो, काही कौतुकाने बघतात, काही चक्क रागाने, आणि मला तरी दोन्ही फोटो हवे असतात.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात परत वेगळं. समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्यात, बरेचदा मागचा पडदाही पांढरा. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्याला ग्रे समजतं त्यामुळे ऑटोवर काढलं तर साडी मळकट येते, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वर घ्यायचं, म्हणजे फोटो तेवढा उजळ करायचा, आणि रॉमध्येच, म्हणजे नंतर दुरुस्त करता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्येच, शूट करायचं. आणि कृपा करून तिथे जाऊन 'अक्षता कधी', 'सप्तपदी किती वाजता' असलं काही विचारू नका. मी एका सीनियरला हे विचारताना ऐकलंय आणि मुलीच्या वडलांनी ज्या नजरेने त्याच्याकडे बघितलं, बास.

वसई पट्ट्यात काम मिळालं तर सोडू नका. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' असतं, लुगडी नेसलेल्या बायका बँड लावून वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरा किंवा नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. चर्चमधला विधी शिस्तीचा असतो, कुठे उभं राहायचं ते फादर सांगतील तसं. विहिरीवर मात्र बेधडक घुसायचं, पाणी अंगावर येणार, लेन्सला पिशवी बांधायची, आणि बँडच्या पुढे उलटं चालायची सवय करायची.

कोरोनातल्या लग्नांबद्दल लोकं हळहळतात, मला ती आवडली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. स्टेजवर हात मिळवायची लाइन नाही, आहेर नाही, पंगत उठवायची घाई नाही. एका लग्नात मुलाची आजी गावी अडकलेली, तर तिचा व्हिडिओ कॉल लावून फोन चौरंगावर तांब्याला टेकवून ठेवला होता, आजी मधेच तिकडून ओरडली की मुंडावळ्या वाकड्या झाल्यात. इथे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! दोघांनी वाकून स्क्रीनसमोर मुंडावळ्या सरळ केल्या. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये लावलाय, अल्बमपेक्षा मोठा करून.

अजून एक सांगायचंय. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, नंतर सरकारनेही बाकीच्या गावांना तसं करा म्हणून सांगितलं. त्यानंतर माझ्याकडे एक हळद आली. मुलीचे वडील नव्हते, आणि मुलीचं म्हणणं की पहिली हळद आईच लावणार. आई आली पण दारातच अडली, इकडे बायकांच्यात कुजबुज, वातावरण एकदम टाइट. तेवढ्यात तिची जाऊ उठली, दंडाला धरून ओढत आणलं, "चल गं, उगं नखरे नको करू," म्हणाली आणि हळदीने भरलेला अख्खा हात तिच्याच गालाला फासला. सगळ्या हसायला लागल्या, आई रडायला. मी फोटो काढत होते आणि मागून एक काका म्हणाले, मॅडम हे नका घेऊ, अल्बममध्ये चांगलं नाही दिसत. मुलगी पाटावरूनच म्हणाली, घ्या.

तर अशा वेळी ऐकायचं कुणाचं, हे बुकिंगच्या दिवशीच ठरवून घ्यायचं. मी स्पष्ट विचारते, फोटो कुणासाठी, शेवटचा शब्द कुणाचा. पैसे काका देत असले तरी नवरा-नवरीचा शब्द शेवटचा हे मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते आणि उत्तर येईपर्यंत तारीख ब्लॉक करत नाही. त्याच मेसेजमध्ये बाकीचं पण, किती तास, किती माणसं, अल्बम कधी, ॲडव्हान्स किती आणि परत मिळणार का, उरलेले पैसे कार्याच्या दिवशी, रॉ फाइल्स मिळणार नाहीत, आणि हसू नका, पण टीमचं जेवण पहिल्या दोन पंगतींत. शेवटच्या पंगतीला बसलात तर तोपर्यंत पाठवणी सुरू झालेली असते आणि हात मठ्ठ्याच्या वाटीत असतो.

बाई म्हणून या धंद्यात येणाऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं खरं तर. गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेले असताना लोकं मला विचारतात, ताई फोटोवाले कधी येणार. पण नवरीच्या खोलीत मला दार ठोठवावं लागत नाही, आणि शालूच्या निऱ्या घालताना आत्या-मावशांची जी भांडणं होतात ती कुठल्याही पुरुष फोटोग्राफरला बघायला मिळत नाहीत.

शिकायचं कुठे म्हणाल तर पहिला सीझन गावातल्या एखाद्या जुन्या ट्रॅडिशनलवाल्याबरोबर काढा. कँडिडवाली, म्हणजे पोज न देता नकळत फोटो टिपणारी पोरं त्यांना हसतात, 'इकडे बघा, हनुवटी खाली' करणारे म्हणून. पण रुसलेला मावसा कोण, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं नाही, ग्रुप फोटोत राहिलेली चुलती कोण, हे त्यांना न विचारता कळतं, आणि अल्बम घरी गेल्यावर पहिली शोधाशोध त्या चुलतीचीच होते.

माझ्याकडे तुळशीच्या लग्नानंतर असिस्टंटची एक जागा आहे. कॅमेरा येत नसला तरी चालेल, गाडी चालवता यायला पाहिजे, कारण झाल आटपून निघायला रात्रीचे बारा वाजतात आणि परतीच्या वाटेवर मी झोपते.