अमेरिकेच्या निवडणुकीचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

२०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त पडली आणि तरी त्या हरल्या. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अमेरिकेची निवडणूक जवळ आली की आपल्याकडे चर्चा पुन्हा तिथूनच सुरू होते: देशात कोण पुढे आहे? पहिली चूक हीच. निकाल ५३८ इलेक्टोरल मतांवर, म्हणजे राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो, जिंकायला २७० लागतात आणि ही मतं राज्याराज्यांतून येतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर राज्यात एका मताने जिंकणाऱ्यालाही तिथली सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी ७८ हजारांच्या आतली होती. २०२० मध्ये जो बायडन देशभरात ७० लाखांनी पुढे होते, पण अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधलं त्यांचं अंतर एकत्र केलं तर ४३ हजारही भरत नाही.

म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मावशीला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या चुलतभावाला फोन करून ‘तिकडे हवा कुणाची?’ असं विचारून हाती फारसं काही लागत नाही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया १९९२ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेली आहेत. डॅलसला कुणी असेल तर तिथेही तेच, फक्त पक्ष उलटा. टेक्सस १९८० पासून रिपब्लिकनांकडे आहे. आपली माणसं जे सांगतात ते खरंच असतं, पण ते त्यांच्या गल्लीपुरतं. विचारायचंच तर अटीतटीच्या राज्यांतल्या मिल्वॉकी, डेट्रॉइट, फिनिक्स किंवा अटलांटाजवळच्या कुणाला विचारा आणि तेही मत म्हणून ऐका, मोजमाप म्हणून नको.

‘सगळीकडे पुढे’ असण्यावर विसंबणं

ही चूक जरा सावकाश समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आकडेमोड येणाऱ्यांकडूनही होते. समजा एक उमेदवार तीन राज्यांत थोडा थोडा पुढे आहे आणि प्रत्येक राज्यात त्याची हरण्याची शक्यता पाचात एक आहे. तिन्ही राज्यं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर तिन्ही हरण्याची शक्यता सव्वाशेत एक निघते, म्हणजे जवळपास नाहीच. पण राज्यं स्वतंत्र नसतात. विस्कॉन्सिनमधला कॉलेज न शिकलेला गोरा कामगार मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियातही राहतो. त्याचा कौल पोल म्हणजे मतचाचण्या घेणाऱ्यांच्या हातून एका राज्यात निसटला तर तो तिन्हीकडे निसटतो. ही तीन राज्यं १९९२ पासून प्रत्येक निवडणुकीत एकाच बाजूला गेली आहेत. २०१६ ला तिन्ही ट्रम्प यांच्याकडे, २०२० ला तिन्ही बायडन यांच्याकडे आणि २०२४ ला पुन्हा तिन्ही ट्रम्प यांच्याकडे गेली.

२०१६ मध्ये काही नावाजलेल्या अंदाजांनी क्लिंटन यांना ९८-९९ टक्के संधी दिली होती. फाइव्हथर्टीएट या निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्या संकेतस्थळाने त्यांना ७१ टक्के आणि ट्रम्प यांना २९ टक्के दिले, कारण एका राज्यातली चूक दुसऱ्या राज्यातही होऊ शकते हे त्यांच्या गणितात ठळकपणे धरलेलं होतं. निकालानंतर मात्र सगळ्यांना एकाच फटक्यात ‘चुकले’ ठरवलं गेलं. हा अन्याय आहे. २९ टक्के ही छोटी शक्यता नव्हे; दहा वेळा असं म्हणाल तर जवळपास तीनदा तेच घडणार. अंदाज वाचताना ‘कोण जिंकणार’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि ‘न घडण्याला किती जागा ठेवली आहे’ ते आधी बघा.

पोल वाचताना

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने १९३६ मध्ये सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून त्यांनी आल्फ लँडन मोठ्या फरकाने जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतलेले होते. मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी परवडणारा वर्ग वेगळा होता आणि त्यातही उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणखी वेगळे. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचं नाव बरोबर सांगितलं.

आजही दुखणं तेच आहे. फोन उचलून प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस आणि न देणारा माणूस मतदानात सारखे वागत नाहीत. २०१६ मध्ये बऱ्याच राज्यस्तरीय पोलमध्ये शिक्षणाप्रमाणे वजन दिलेलं नव्हतं, म्हणजे नमुन्यात जास्त आलेल्या पदवीधरांचा भार त्यांच्या खऱ्या प्रमाणाइतका कमी केलेला नव्हता. पदवीधर जास्त प्रमाणात उत्तरं देतात आणि त्या वर्षी ते क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते, त्यामुळे आकडे फुगले. २०२० मध्ये ही दुरुस्ती होऊनही चूक आणखी वाढली. विस्कॉन्सिनमध्ये पोलच्या सरासरीनुसार बायडन आठ टक्क्यांहून जास्त पुढे होते आणि प्रत्यक्षात ते एक टक्काही पुरा न होणाऱ्या फरकाने जिंकले.

‘मार्जिन ऑफ एरर’चंही, म्हणजे पोलचा आकडा इकडेतिकडे किती हलू शकतो त्याचंही, एक सांगायला हवं. हजारभर लोकांच्या पोलमध्ये तो साधारण तीन टक्के असतो, पण तो प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यासाठी. दोघांमधल्या आघाडीत तो जवळपास दुप्पट होतो. ४९ विरुद्ध ४६ दिसलं तर ती आघाडी म्हणू नका. शिवाय हा आकडा फक्त नमुन्यातला योगायोग मोजतो. चुकीची माणसं निवडली गेली असतील तर ते त्यात दिसतच नाही.

एकाच पोलवर उडी मारू नका, तो कितीही नावाजलेल्या व्यक्तीचा असो. आयोवा राज्यात अ‍ॅन सेल्झर यांच्या पोलचा लौकिक मोठा होता. २०२४ च्या मतदानाच्या तोंडावर त्यांच्या पोलमध्ये कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे निघाल्या आणि जगभर त्याची बातमी झाली. ट्रम्प आयोवा १३ टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांनी आलेला आकडा दडवला नाही, झाकपाक न करता छापला, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. इतरांपेक्षा वेगळा आलेला पोल सरासरीत टाका. बाजूला काढू नका आणि डोक्यावरही घेऊ नका.

मागच्या वेळची चूक यंदा जोडणं

‘पोल ट्रम्प यांना नेहमी कमी दाखवतात, म्हणून चार टक्के वाढवून धरा’ हे फार ऐकू येतं. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळा ट्रम्प यांची मतं कमी दाखवली गेली हे खरं. पण २०१२ मध्ये चूक उलट्या दिशेने होती. बराक ओबामा पोलपेक्षा सहज जिंकले. २०२२ च्या मध्यावधीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत, रिपब्लिकनांची ‘लाल लाट’ येणार असं धरून चाललेल्यांना हाउस या कनिष्ठ सभागृहात २२२ विरुद्ध २१३ एवढंच बहुमत बघायला मिळालं आणि सिनेट डेमोक्रॅटांनी राखली. त्या वर्षी पोल बरेच बरोबर होते, त्यांच्यात मनाने भर घालणारे चुकले.

मध्यावधीचा हिशेब एरवीही वेगळाच. तिथे राष्ट्राध्यक्षाचा पक्ष हाउसमध्ये जवळपास नेहमीच जागा गमावतो. गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ हेच अपवाद. हा आधार पोलपेक्षा जुना आणि जास्त टिकाऊ आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा.

‘ओहायो जिंकेल तो जिंकेल’ यासारख्या खुणा मात्र सोडून द्या. १९६४ पासून २०१६ पर्यंत ती खूण बरोबर ठरली आणि २०२० ला मोडली. तेरा ‘कीज’च्या, म्हणजे तेरा हो-नाही कसोट्यांच्या पद्धतीने कित्येक निकाल बरोबर सांगणारे इतिहासकार अ‍ॅलन लिक्टमन २०२४ मध्ये हॅरिस यांचं नाव सांगून चुकले.

मतमोजणीच्या सकाळी

तिथे मंगळवारी संध्याकाळी मतदान संपू लागतं तेव्हा आपल्याकडे बुधवारची पहाट असते. इंडियाना आणि केंटकीच्या काही भागांतलं मतदान आपल्या साडेचारला संपतं, पेनसिल्व्हेनियाचं साडेसहाला. आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभराचा निकाल जाहीर करणारी यंत्रणा तिथे नाही. त्या रात्री ‘अमुक जिंकला’ हे असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्था आणि वाहिन्या सांगतात. २००० मध्ये वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी अल गोर यांना आणि मग जॉर्ज बुश यांना देऊन दोन्ही वेळा परत घेतला. शेवटचा फरक ५३७ मतांचा होता.

सकाळी सातला दिसणारी आघाडी बघून निष्कर्ष काढू नका, उरलेली मतं कुठली आहेत ते बघा. फ्लोरिडात टपालाची मतं आधीच तपासून ठेवतात, त्यामुळे तिथला निकाल पटकन येतो. पेनसिल्व्हेनियात टपालाची पाकिटं मतदानाच्या दिवशी तिथल्या सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. २०२० मध्ये तिथे सुरुवातीला ट्रम्प जवळपास सात लाखांनी पुढे होते. टपालाची मतं मोजत नेली तसे बायडन पुढे गेले आणि सुमारे ८० हजारांनी जिंकले. मतदान मंगळवारी झालं होतं, निकाल जाहीर व्हायला शनिवार उजाडला. तेव्हा राज्याचं पान उघडलंत की आघाडीच्या आकड्याआधी फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) किती मोजणी बाकी आहे ते शोधा, आणि त्यात टपालाची मतं किती ते बघा.